थांबायचे ठोकळे

आपल्या बापाला पुन्हा बोलायला शिकवणारा प्रोग्राम आपल्या बहिणीनं केला, आणि तोही शाळकरी पोरांच्या रंगीत ठोकळ्यांत, हे बापूला पहिल्या दिवसापासून पचलं नव्हतं. या प्रोग्रामबद्दल त्यानं तसं कधी बोलून दाखवलं नाही. पण नाक मुरडायला तोंड उघडावं लागत नाही, आणि ताईला त्याचं नाक लहानपणापासून ओळखीचं होतं.

बापू दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत प्रोग्रामर होता. आता तो इतका वर चढला होता की स्वतः फारसं लिहावं लागत नसे. हाताखालच्या पोरांनी लिहिलेलं तपासायचं, हेच काम. पोरं त्या तपासणीला हजामत म्हणत. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली दिसली की बापूचं डोकं उठायचं. कारण न सांगता मधेच एखादा आकडा घुसडलेला दिसला की तो समोरच्याला फाडून खायचा. कोड कसा, ओळीखाली ओळ, अक्षरांत लिहिलेला हवा. पडद्यावरचे ठोकळे बोटानं ओढायचे, निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा असे एकमेकांत अडकवायचे, याला तो प्रोग्रामिंग म्हणायलाच तयार नव्हता. "भातुकली आहे ती," तो म्हणायचा. "भातुकलीत कधी कुणाचं पोट भरलंय का?"

ताई त्याच्याहून मोठी, दातांची डॉक्टर. ठोकळे ती शिकली मुलीच्या शाळेच्या प्रकल्पामुळे. प्रकल्प संपला, मुलीनं पुन्हा त्याचं नाव काढलं नाही, आणि नाद लागला तो आईला. दवाखान्यात दोन पेशंटच्या मधल्या वेळात ती टॅबवर काही ना काही जुळवत बसायची.

"अगं, जरा खरी भाषा शीक की," बापू म्हणायचा. "मी शिकवतो तुला."

"तू? तुझ्या हाताखालची पोरं रडत घरी जातात म्हणे. मला माझे ठोकळे बरे."

बाबा वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितशोधक होते. उद्या छापून येणारा मजकूर आज वाचायचा आणि चुकांवर लाल खुणा करायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. दुसऱ्यांच्या चुका त्यांना लांबून दिसत. स्वतःची कुणी दाखवली तर मात्र दिवसभर घुम्यासारखे बसून राहत. बापूनं हा गुण त्यांच्याकडूनच उचलला होता, पुरेपूर.

एके दिवशी सकाळी दाढी करताना त्यांना झटका आला. अर्ध्या गालावर साबण तसाच घेऊन ते इस्पितळात गेले. महिन्याभरात हातपाय बऱ्यापैकी सावरले, वाचा तेवढी अडकली. समजत सगळं होतं. शब्द आत तयार असायचा, ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच थबकायचा.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "रोज थोडा सराव करा. हे पहिले काही महिने सोन्यासारखे आहेत. शब्द चुकला तरी चालेल, अर्धा आला तरी चालेल. फक्त त्यांनी प्रयत्न सोडता कामा नये. माणूस लाजून गप्प बसला की मग आमच्याही हातात काही राहत नाही."

ताईनं आठवड्याभरात प्रोग्राम उभा केला. टॅबवर घरातल्या एखाद्या वस्तूचा फोटो यायचा: चमचा, खिडकी, चष्मा, दाराचं कुलूप. मग शांतता. बाबांनी नाव घेतलं असं आईला वाटलं की तिनं हिरवं बटण दाबायचं, टॅब टाळ्या वाजवायचा. नाहीच जमलं तर काही वेळानं ताईच्या आवाजात पहिलं अक्षर ऐकू यायचं. पुन्हा शांतता. आणि शेवटी पूर्ण शब्द, अगदी हळू. वस्तू संपल्या की घरच्यांचे फोटो होते, आईचा, ताईचा, बापूचा, आणि एक शेजारच्या मांजराचा, कारण मांजरावर बाबांचा फार जीव.

"मी आयुष्यभर आ वासलेल्या माणसांना प्रश्न विचारत आलेय," ताई म्हणायची. "उत्तराची वाट बघायची मला सवय आहे."

बापू सुट्टी काढून घरी आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा हा सराव पाहिला. खरं तर घरात पाऊल टाकल्यापासून त्याला कुठे बसावं कळत नव्हतं. बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली की आई बोलता बोलता रुमालानं पुसून टाकायची. बापू तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघायचा. किळस नव्हती ती. भीती होती. त्यांना भरवायला त्याचा हात धजत नव्हता, दाढी करून द्यायचं तर नावच नको. बापासाठी काहीतरी करायची त्याची तळमळ अगदी खरी होती. पण त्याच्या हातांना आयुष्यात एकच काम येत होतं.

जेवणाच्या टेबलावर टॅब उभा केला होता. चमच्याचा फोटो आला. बाबा बघत राहिले. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं.

"हँग झालं वाटतं," बापू म्हणाला.

आईनं ओठांवर बोट ठेवलं. बाबांचे ओठ हलले, जीभ दातांमागे गेली. "च..." असा काहीसा आवाज आला आणि पुन्हा सगळं थांबलं. बापूला धीर धरवेना. उताराच्या वाटेवर कुणी अडखळलं की हात आपोआप पुढे होतो, तसं झालं त्याचं.

"चमचा, बाबा! चमचा!"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"थांबायचं रे जरा," आई नंतर स्वयंपाकघरात म्हणाली.

"पण किती वेळ?"

"त्यांना लागेल तेवढा."

दुपारी सगळे आडवे झाल्यावर बापूनं टॅब घेतला आणि ताईचा प्रोग्राम उघडून पाहिला. बघता बघता त्याला हसूच आलं. प्रत्येक फोटोसाठी तेच ते ठोकळे नव्यानं मांडले होते. चमच्याला एक रांग, खिडकीला तशीच दुसरी, कुलपाला तिसरी; बोटानं सरकवत राहावं तरी शेपूट संपेना. आणि मधे मधे नारिंगी ठोकळे, थांबायचे. त्यांत आकडे तरी कसले? कुठे सात सेकंद थांबा, कुठे बारा, कुठे वीस. ना शेंडा ना बुडखा. एखाद्या नव्या पोरानं हे त्याच्यासमोर ठेवलं असतं तर त्याची खैर नव्हती.

त्याच आठवड्यात ताईच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ताईला दवाखाना बंद करून सासरी, परगावी जावं लागलं, आणि काही आठवडे तरी ती परतणार नव्हती. जाताना बापूला म्हणाली, "टॅब बंदबिंद पडला तर बघ. बाकी हात लावू नकोस."

हात लावू नकोस, असं तिनं म्हणायला नको होतं. पण तिच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. तिनं हात जोडून सांगितलं असतं तरी बापूनं तेच केलं असतं.

त्यानं सुट्टी वाढवून घेतली आणि सगळा प्रोग्राम अक्षरांत नव्यानं लिहिला. तो लिहीत असताना आई तीनदा चहा ठेवून गेली आणि तीनदा गार चहा परत घेऊन गेली. इतक्या मायेनं त्यानं कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. ते लांबलचक शेपूट गेलं. फोटोंची एक यादी आणि त्यांच्यावरून फिरणाऱ्या मोजक्या ओळी, बस्स. थांबायचा वेळ सगळ्यांना एकच, पाच सेकंद, तोही नीट नाव देऊन सगळ्यात वर लिहिलेला. स्वतः चमचा, खिडकी, कुलूप म्हणून बघितलं, एका सेकंदाच्या आत होत होतं. मग पाच म्हणजे चंगळच की. शब्द बरोबर आला की नाही ते आता टॅब स्वतः ऐकून ठरवणार होता, आईला बटण दाबायला नको. बरोबर आला तर हिरवी खूण. वेळ संपला तर एक बारीक भोंगा आणि फोटोवर लाल फुली, म्हणजे कळेल तरी. शिवाय रोजच्या प्रगतीचा आलेख थेट बापूच्या फोनवर. आणि दोन दोन प्रोग्राम बघून आईचा गोंधळ नको म्हणून जुना त्यानं पुसून टाकला.

मग आईला बोलावून दाखवलं. आईनं चष्मा लावला, पडद्यावरच्या ओळींकडे वाकून पाहिलं. "छान आहे रे. बारीक आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "यात थांबायचं कुठे वाढवायचं?"

"वाढवायचं कशाला? पाच सेकंद पुष्कळ झाले."

"नाही, मी आपलं विचारलं."

तो कामावर परतला. पहिले दोन-तीन दिवस आलेखात थोडी उंची दिसली, मग रेघ घसरली, आणि मग तळाला जाऊन जी पडली ती उठेचना. त्यानं आईला फोन केला.

"जरा घाईत आहे रे ते," आई म्हणाली.

"सवय होईल त्यांना."

"हं. होईल."

रेघ तळालाच राहिली. इतकं शून्य माणसाचं असूच शकत नाही, नक्की मायक्रोफोनची गडबड आहे, असा बापूनं निष्कर्ष काढला आणि भारीतला एक मायक्रोफोन कुरिअरनं घरी पाठवून दिला. आईनं खोकं फोडलंसुद्धा नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं.

ताई परत आली त्या दिवशी तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच बापू खुर्चीतून उठून उभा राहिला.

"ये घरी," ती म्हणाली. "फोनवर नको."

तो आला तेव्हा बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्याला पाहून हसले, हातानं ये म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. आत टेबलावर आई नि ताई बसल्या होत्या.

"टॅब सुरू केला की उठून जातात," ताई म्हणाली. "आणि नुसतं टॅबचंच नाही. पाणी हवं असलं तर बोट दाखवतात. मी आले तर माझ्या गालाला हात लावला, बस्स. मी जाईपर्यंत 'ता' म्हणत होते, बापू. थेरपिस्ट बाईंकडे कालच नेलं होतं. त्या म्हणाल्या, यांनी प्रयत्नच सोडलाय, घरात असं झालं तरी काय?"

"कोडमध्ये काही चूक नाहीये," बापू म्हणाला.

"कुठे म्हणतेय मी? तुझा कोड माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगला असेल. पण तो या घरात कुणाला वाचता येतो? आईला एक आकडा बदलायचा झाला तर तिनं कुठे बोट ठेवायचं?"

"आईला कशाला बदलायचा असेल?"

ताईनं आईकडे पाहिलं. आई टेबलावरचा नसलेला डाग नखानं काढत होती.

"ते आकडे मी टाकायचे रे," ती म्हणाली. "ते नारिंगी होते ना, थांबायचे. त्यावर बोट ठेवलं की आकडा बदलता यायचा. हिनं दाखवलं होतं मला. मी आपली रोज यांच्या ओठांकडे बघायची. आज कुलपाला जरा कमी वेळ लागला तर कमी करायची, दमलेले दिसले तर सगळ्यांचा वाढवायची. अर्धा शब्द आला तरी टाळ्या वाजवून टाकायची. तेवढंच येतं मला."

बापूला कानफटात बसल्यासारखं झालं. ना शेंडा ना बुडखा म्हणून तो ज्या आकड्यांना हसला होता, ते त्याच्या आईनं एकेक करून बापाच्या तोंडाकडे बघून टाकलेले होते.

"मग मला सांगायचं नाहीस का?"

"तू एवढा खपून केलंस. म्हटलं, तुला वाईट वाटेल."

फोन त्यानं केला होता, घाईत आहे असं तिनं सांगितलं होतं, आणि सवय होईल असं त्यानंच म्हटलं होतं. तिनं सांगितलं नाही, असंही नव्हतं. त्यानं ऐकलं नव्हतं.

ताईनं टॅबवर कोरा पडदा उघडला आणि पुसून टाकलेले ठोकळे पहिल्यापासून पुन्हा जुळवायला घेतले. बापू तिच्या शेजारी बसून एकेक फोटो पुढे करत होता. आज त्यानं नाक मुरडलं नाही. तेच ते ठोकळे पुन्हा पुन्हा मांडताना ती चुकली तेव्हा त्यानं नुसतं बोट दाखवलं. थांबायच्या ठोकळ्याशी आलं की ताई थांबायची आणि आई आठवून आकडा सांगायची.

"चमचा?"

"सात."

"खिडकी?"

"बारा ठेव. खिडकी त्यांना जड जायची."

"मांजर?"

"मांजराला तीन पुरे. मांजर लगेच यायचं." आई जरा हसली.

मग बापूचा फोटो आला. ताईनं मान वर करून पाहिलं.

"चाळीस," आई म्हणाली.

"चाळीस?" बापू म्हणाला. त्यानं थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. "मांजराला तीन, आणि मला चाळीस?"

"तुझ्या नावाला दोनदा ओठ मिटावे लागतात ना रे. एकदा मिटायचे, 'बा' निघायचा. मग पुन्हा मिटायला त्यांना फार वेळ लागायचा. घाम यायचा, पण सोडायचे नाहीत. बाकी सगळे शब्द कधी कधी सोडून द्यायचे. हा नाही. मी वाढवत वाढवत चाळीसपर्यंत नेलं होतं."

"मग? आला का कधी?"

"एकदा आला. हिच्या सासूबाई पडल्या, त्याच्या आदल्या दिवशी. 'बा', आणि किती तरी वेळानं 'पू'. तू तेव्हा सामान आणायला खाली गेला होतास. मी म्हटलं, आपण कशाला सांगायचं, त्यांनाच तुझ्यासमोर म्हणू देत. म्हणून गप्प बसले."

बापूच्या डोळ्यांसमोर सगळं नीट उभं राहिलं. पडद्यावर त्याचा फोटो. ओठ मिटलेत, 'बा' निघालाय, ओठ दुसऱ्यांदा जवळ येतायत, आणि तेवढ्यात भोंगा. समोर मुलाचा चेहरा, त्यावर लाल फुली. उद्या पुन्हा. परवा पुन्हा. आयुष्यभर लाल खुणा करत आलेल्या माणसाला त्यानं घरबसल्या लाल खुणा खायला लावल्या होत्या. तो उठून मोरीपाशी गेला, नळ सोडला आणि तोंड धुत राहिला. ताई पाठोपाठ आली नाही, आणि ते बरंच झालं.

त्यानंतर तो चार दिवस राहिला. रोज बाबांसमोर खुर्ची घेऊन बसायचा, टॅबशिवाय, आणि वाट बघायचा. बाबा त्याच्या गुडघ्यावर थोपटायचे, हसायचे. ओठ मिटलेले असायचे ते मिटलेलेच. एकदा त्यानं न राहवून म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." बाबांनी हातानं उडवून लावलं आणि रस्त्यावरचं मांजर दाखवलं.

पुढच्या महिन्यांत ठोकळ्यांनी थोडंफार काम केलं. आईच्या चिकाटीनं बाबा पुन्हा टेबलाशी बसायला लागले. 'मांजर' परत आलं. 'चमचा' आला. ताईला तिचा 'ता' मिळाला, आणि तिनं तिथूनच फोन लावून बापूला तो ऐकवला. सोन्यासारखे महिने मात्र निघून गेले होते, आणि थेरपिस्ट बाई म्हणाल्या की आता यापुढे फार अपेक्षा ठेवू नका.

"आणि माझा फोटो?" बापूनं एकदा फोनवर आईला विचारलं. विचारायला त्याला बरेच दिवस लागले होते.

"तुझा आला की पुढे सरकवतात."

"म्हणजे? बघत नाहीत?"

"बघतात की. चांगलं बघून घेतात. आणि मग बोटानं पुढचा आणतात. तुझ्यावर फुली पडेल असं वाटतं रे त्यांना. आता फुली येत नाही म्हणून कितीदा सांगितलं. पण ऐकत नाहीत."

"बरं," बापू म्हणाला.